सगळ्यांचे पाळक, घरचे कोण?

पत्र असं आहे: "मी नगरकडच्या एका ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) पाळक आहे. वय 46. गावातली मंडळी आणि आसपासच्या तीन वस्त्या माझ्याकडे आहेत. गेल्या पावसाळ्यात मंडळीतल्या एका ताईंची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. मी उपास धरले, रात्ररात्र प्रार्थना केली, देव तिला उठवणार असं भर उपासनेत सांगितलं. ती गेली. दफनाच्या वेळी तिचा भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, 'पाळकांचाच विश्वास कमी पडला.' तेव्हापासून उपदेशाला उभं राहिलं की तोंड कोरडं पडतं. त्यात सेमिनरीतून, म्हणजे पाळकांच्या कॉलेजातून, एक तरुण सहायक पाळक आला आहे. गिटार वाजवतो, बोलतो चांगलं, त्याच्या उपदेशाचे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरतात. लोक आता विचारतात, 'या रविवारी उपदेश कोणाचा?' मला साखर आहे, गोळ्या चुकतात. पत्नी म्हणते, 'तुम्ही सगळ्यांचे पाळक, घरचे कोण?' माझ्याच्याने होत नाही असं म्हणावं, तर बायबलमधलं फिलिप्पै 4:13 हे वचन मीच वर्षानुवर्षं शिकवत आलोय. मर्यादा मान्य करणं हा अविश्वास नाही का? आणि शुभ शुक्रवारची सात वचनं, येशूची वधस्तंभावरची सात वाक्यं, दरवर्षी मीच सांगतो. यंदा ती या मुलाला द्यावीत असं कमिटीतल्या काहींचं म्हणणं आहे. काय करू?"

पाळकसाहेब, सलाम.

मी पाळक नाही. मिशन हॉस्पिटलात नर्स होते आणि नवरा पाळक होता. दिवसा वॉर्ड, रात्री मंडळी, दोन्हीकडची दुखणी एकाच घरात. त्यामुळे तुमचं पत्र वाचताना माझं लक्ष आधी साखरेकडे गेलं, मग तुमच्या पत्नीच्या वाक्याकडे, आणि वचनाकडे सगळ्यात शेवटी. उत्तर मात्र वचनापासूनच सुरू करते, कारण तुम्ही अडकलात तिथे.

फिलिप्पै 4:13 म्हणजे 'मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करावयास शक्तिमान आहे.' आपल्याकडे हे वचन कॅलेंडरवर असतं, लग्नपत्रिकेवर असतं, दहावीच्या परीक्षेला निघालेल्या पोराच्या कंपासपेटीतही असतं. पण त्याच्या वरच्या दोन ओळी वाचा. फिलिप्पै शहरातल्या मंडळीला हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे म्हणतो की उपाशी राहायला मी शिकलो, भरल्या पोटी राहायलाही शिकलो. असेल त्यात समाधान मानायला शिकलो. लिहितोय तुरुंगातून. ज्याला कोठडीचं दार उघडता येत नाही तो माणूस 'सर्वकाही' म्हणतोय. मग हे सर्वकाही म्हणजे तीन वस्त्या, रविवारच्या दोन उपासना, रात्रीचे फोन आणि गोळ्या चुकवून केलेले उपास असा हिशोब त्याने मांडलेला नाही. नसणंही सोसता येतं, एवढंच तो सांगतोय. आणि लगेच पुढच्या ओळीत काय लिहितो? माझ्या अडचणीत तुम्ही भागी झालात हे बरं केलंत. एपफ्रदीताच्या हाती पाठवलेलं मिळालं, भरून पावलो. म्हणजे ज्या वचनाच्या जोरावर तुम्ही कोणाची मदत घेत नाही, त्याच वचनाला लागून पौलाने मदतीची पोच दिली आहे.

आता फिलिप्पैची मंडळी मुळात कशी उभी राहिली ते आठवा. प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय. पौलाला आशिया प्रांतात वचन सांगायचं होतं, पवित्र आत्म्याने अडवलं. बिथुनियाला जायला निघाला, तिथेही जाऊ दिलं नाही. त्या भागात लोक नव्हते की गरज नव्हती? दोन्ही होतं. तरी रस्ता बंद. मग तो त्रोवसला उतरला, रात्री मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त झाला, आणि तो फिलिप्पैला पोचला. ज्या मंडळीला त्याने 4:13 लिहिलं, ती अडवलेल्या रस्त्यामुळे जन्मलेली मंडळी आहे. पुढे करिंथकरांना लिहिताना तर त्याने सरळच सांगितलं की देवाने आम्हाला जी हद्द मोजून दिली तिच्यापलीकडे आम्ही हात पसरत नाही. दुसऱ्याच्या मेहनतीवर बढाई मारत नाही. पौलासारख्या माणसाने हद्द मानली तर त्याला कोणी अविश्वासी म्हटल्याचं मी वाचलेलं नाही.

तेव्हा तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: नाही, तो अविश्वास नाही. पण एवढ्यावर पत्र संपवलं तर तुम्हाला फसवल्यासारखं होईल. कारण तुमच्या पत्रात मला थकवा दिसतो तसा थोडा ताठाही दिसतो. रागवू नका.

त्या ताईंचं बघू. तुम्ही प्रार्थना केलीत, उपास धरलेत, त्यात वावगं काही नाही. पण देव तिला उठवणार हे भर उपासनेत कोणाच्या वतीने सांगितलंत? देवाने ते तुमच्या तोंडी दिलं होतं, की मंडळीला धीर द्यायचा म्हणून तुम्हीच पुढची तारीख टाकून चेक फाडलात? हे उत्तर मला नको, तुम्ही एकट्याने बसून द्या. याकोबाच्या पत्रातलं वचन त्या भावाच्या डोक्यात असणार: विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील. ते आपणच लोकांना शिकवतो. पण तिथे मंडळीच्या वडिलांना, म्हणजे जबाबदार वडीलधाऱ्यांना, बोलवा असं आहे, एकट्या पाळकाला नव्हे. आणि ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल दुखणाइतांना लावले की ते बरे होत, त्याच पौलाने आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, मिलेताला आजारी ठेवून पुढचा प्रवास केला. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अगदी शेवटी, निरोपानिरोपीत ते एक वाक्य आहे. स्पष्टीकरण नाही, माफी नाही, 'माझा विश्वास कमी पडला' असं तर नाहीच. तो आजारी होता, त्याला ठेवून आलो. मला ते वाक्य फार आवडतं.

आता नर्स म्हणून विचारते. त्यांचं डायलिसिस चालू होतं ना? दोन्ही मूत्रपिंडं गेली की आठवड्यातून दोनतीनदा मशिनला लावावं लागतं, एकही पाळी चुकवून चालत नाही. तुम्ही पत्रात त्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही. तुमच्या शब्दावर विसंबून त्या घराने एखादी पाळी जरी चुकवली असेल, तर त्या भावाचा राग नुसता दुःखाचा नाही, आणि तुम्हाला त्याच्या दारात जाऊन ते ऐकून घ्यावं लागेल. तसं काही झालं नसेल तरी जा. व्यासपीठावरून उत्तर देऊ नका. रविवारच्या उपदेशात 'काही लोक' म्हणून त्याला टोमणा मारण्याचा मोह तुम्हाला होईल. आमच्या घरात शनिवारी रात्री असे परिच्छेद लिहिले जात आणि मी ते कापायला लावत असे. त्याच्याकडे जा, चहा घ्या, म्हणा, 'ती बरी होईल असं मी सांगितलं, ते सांगायचा मला अधिकार नव्हता. बहीण तुमची गेली, मला वाईट वाटतं.' पुढे तो काय बोलेल ते बोलू दे. बायबलची वचनं सुनावू नका.

आणि पुढच्या वेळी अशा घरात गेलात तर प्रार्थनेइतकंच दुसरं एक काम आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. रेशनकार्ड, आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या टेबलापाशी कोणीतरी उभं राहावं लागतं, कागद कमी पडला तर परत यावं लागतं. खेड्यातल्या माणसाला तिथेच घाबरायला होतं. ते काम तुम्ही केलं तरी चालेल, तरुण संघातल्या एखाद्या चुणचुणीत पोरीने केलं तर अधिक चांगलं होईल.

तुमच्या तोंड कोरडं पडण्याबद्दल. सगळंच आत्मिक समजू नका. साखर वाढली की तोंड कोरडं पडतं, तहान लागते, थकवा येतो. मनावरचा घावही असेल, तो मी नाकारत नाही, पण आधी रक्त तपासा. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी ती तपासणी, तिन्ही. साखरेच्या काही गोळ्या उपाशी पोटी घेतल्या तर साखर एकदम खाली जाते, माणूस घामाघूम होऊन पडतो. म्हणून उपास ठरवताना डॉक्टरला विचारायचं असतं, नुसत्या मनाला नाही. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली 'आता पुरे, माझा प्राण घे' म्हणत झोपला, तेव्हा देवदूताने त्याला आधी उपदेश केला का? उठ, खा, म्हणाला. निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याची सुरई. तो खाऊन परत झोपला, तर पुन्हा उठवून तेच. डोंगरावरचं बोलणं त्याच्या नंतरचं आहे.

मोशेच्या सासऱ्याची, इथ्रोची गोष्ट मी तुम्हाला सांगायची गरज नाही. नेतृत्वाच्या प्रत्येक शिबिरात ती सांगतात, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर नायक नेमा म्हणून. पण निर्गमच्या अठराव्या अध्यायाची सुरुवात शिबिरात कोणी वाचत नाही. मोशेने बायकोला, सिप्पोरेला, माहेरी परत पाठवलं होतं. इथ्रो रानात आला तो तिला आणि गेर्षोम व अलियेजर या दोन नातवंडांना बरोबर घेऊन. पहिला दिवस भेटीगाठीचा, जेवणाचा. दुसऱ्या दिवशी सासऱ्याने पाहिलं की जावई सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसलाय आणि लोक ताटकळत उभे आहेत. 'तू करतोस हे बरं नाही. तूही थकशील आणि हे लोकही थकतील.' तंबूत बायकोपोरं येऊन बसली आहेत हा संदर्भ लेखकाने दिला नाही, पण सासरा तो विसरला असेल असं मला वाटत नाही. बोलणारा माणूस मिद्यानी, परका, वर घरचा. देवाने सीनायवर जे सांगितलं नव्हतं ते सासऱ्याकडून आलं, आणि मोशेने निमूट ऐकलं. तुमच्या घरात इथ्रोचं काम तुमच्या पत्नी करताहेत. 'घरचे कोण' हा टोमणा समजू नका, तो निरोप समजा.

लोकही थकतील, हे लक्षात घ्या. एकटा माणूस सगळं धरून बसला की रांगेतली माणसं उभीच राहतात. तुमच्या तीन वस्त्यांपैकी एकीत तरी घरोघरची प्रार्थनासभा चालवू शकेल असा माणूस असेलच. तुम्ही त्याला अजून विचारलेलं नाही, एवढंच. वॉर्डात आम्ही ड्यूटी संपली की पुढच्या नर्सला ओव्हर द्यायचो: कोणाला काय औषध दिलं, कोणाची सलाईन संपत आली, रात्री कोणावर लक्ष ठेवायचं. जी नर्स ओव्हर न देता दोन पाळ्या ओढायची तिचं कौतुक व्हायचं, आणि चुकाही तिच्याच हातून व्हायच्या. सेवेतही ओव्हर देणं शिकावं लागतं. देताना लपवायचं नाही, आणि दिल्यावर मध्यरात्री फोन करून 'सलाईन बदलली का' असं विचारायचं नाही.

मर्यादा कधीकधी माणसाला वळवतेही. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकीचं शिक्षण घ्यायला. ऐकू कमी येऊ लागलं होतं, म्हणून ते दार बंद झालं. बाई त्यावर काय म्हणाल्या असतील कोण जाणे, पण इथल्या बायकांसाठी डॉक्टर होण्याचा बेत मोडला हे खरं. पुढे 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन, मग पुणे, मग केडगावचं मुक्ती मिशन. दुष्काळात शेकडो मुली, विधवा तिथे आल्या. शिवाय मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबलचं भाषांतर. बहिरेपण देवाने मुद्दाम दिलं असं मी म्हणणार नाही. असं म्हणणाऱ्यांना वॉर्डात एक दिवस बसवावं. पण त्या बंद दारापाशी त्या बसून राहिल्या नाहीत. आणि त्यांच्याही आयुष्यात शेवटी एक बेत मोडला. मुलगी मनोरमा मुक्तीचं काम पुढे नेईल असं धरून चाललेल्या, तर 1921 मध्ये मनोरमाच आधी गेली. पुढच्या वर्षी रमाबाई गेल्या. मुक्ती आजही केडगावला चालू आहे, आज ती ना आई चालवते, ना मुलगी.

आता तो तरुण. तुम्ही त्याच्याबद्दल वाईट एक शब्द लिहिला नाहीत, पण 'गिटार वाजवतो' हे ज्या पद्धतीने लिहिलंत त्यावरून मला कळलं. मत्सर वाटतो ना? वाटू द्या, पण त्याला नम्रतेचा झगा घालू नका. 'कर बाबा तूच सगळं, आम्हाला आता काय येतं' असं म्हणून कोपऱ्यात बसणं ही नम्रता नव्हे, तो रुसवा असतो, आणि मंडळीतल्या बायकांना तो बाराव्या बाकावरून ओळखता येतो. योहान बाप्तिस्मा करणाऱ्याचे शिष्य असेच तणतणत आले होते: गुरुजी, तो येशू बघा बाप्तिस्मा देतोय आणि सगळे त्याच्याकडे चाललेत. योहानाने दोन गोष्टी सांगितल्या. स्वर्गातून दिल्याशिवाय माणसाला काहीच मिळत नाही, आणि त्याची वृद्धी व्हावी, माझा र्‍हास व्हावा. दुसरं वाक्य सगळ्यांना पाठ आहे. पहिलं मला जास्त कामाचं वाटतं, कारण ते दोघांना लागू पडतं. त्या मुलाला बोलणं दिलं आहे. तुम्हाला काय दिलं आहे ते तुम्ही पत्रात लिहिलं नाही, पण रात्री कोणाला झटका आला, कोणाच्या पोराला पोलिसांनी उचललं, तर फोन कोणाला जातो? त्याला जातो का? व्हिडिओ पाहून कोणी रात्री दोन वाजता दार ठोठावत नाही.

त्या मुलालाही सांभाळा. व्हॉट्सॲपवर फिरणारा उपदेशक लवकर वाहवतो. त्याला दफनाला बरोबर न्या, हॉस्पिटलात न्या, जिथे गिटार नेता येत नाही अशा ठिकाणी. आणि त्याचा उपदेश मागे बसून ऐका, वही घेऊन नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. मर्यादा म्हटलं की हात झटकणं सोपं जातं. कोणी येऊन सांगितलं की जगावंसं वाटत नाही, तर 'हे माझं क्षेत्र नाही' म्हणून प्रार्थना करून वाटेला लावायचं नाही. त्या माणसाजवळ बसा, 14416 या टेलिमानसच्या, मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या नंबरला त्याच्यासमोर फोन लावा, घरच्यांना गाठा, डॉक्टरपर्यंत पोचवा. आणि एखाद्या मुलाबाळावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कानावर आलं तर ते मंडळीत मिटवायचा अधिकार पाळकाला नाही, कमिटीला नाही, बिशपलाही नाही. पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तुमची हद्द जिथे संपते तिथे दुसऱ्याच्या हातात हात देईपर्यंत तुम्ही हजर असायला हवं.

घरचं बोलू. आठवड्यातला एक दिवस घरचा ठरवा आणि तो कमिटीच्या मिनिटबुकात लिहून घ्या. तोंडी ठरवलं तर पहिल्याच आठवड्यात कोणाचं तरी बारसं निघेल. त्या दिवशी फोन एखाद्या वडिलांकडे किंवा सहायकाकडे द्या. लोक कुरकुर करतील. पत्नीला मात्र 'आता मी घरचा' असं भाषण देऊ नका. मंगळवारी घरी राहा, भाजी आणा, मुलांच्या शाळेच्या मीटिंगला जा. पाळकाच्या बायकोला भाषणं भरपूर ऐकायला मिळतात.

शुभ शुक्रवारचं. सातही वचनं एकट्याने सांगणं मला कधीच पटलं नाही; बारा ते तीन एकच आवाज ऐकला की चौथ्या वचनापर्यंत अर्धी मंडळी पंख्याकडे बघायला लागते. पण म्हणून ती सगळीच्या सगळी त्या मुलाला देऊ नका. मग नुसता माणूस बदलेल, एकट्याचा कारभार तसाच राहील, आणि कमिटीत दोन तट पडतील ते वेगळंच. वाटून द्या. एक सहायकाला, एक महिला मंडळातून, एक वस्तीवरच्या एखाद्या वडीलधाऱ्याला, त्याला वाचता येत नसलं तरी चालेल, एक संडे स्कूलच्या शिक्षिकेला. हा प्रस्ताव कमिटीत तुम्हीच मांडा, कोणी तुमच्यावर लादायच्या आधी. राख बुधवारच्या, म्हणजे लेंत हा ईस्टरआधीचा उपासाचा काळ सुरू होतो त्या दिवसाच्या, आत नावं नक्की करा, म्हणजे लोकांना तयारीला लेंतचा सगळा काळ मिळेल.

तुम्ही पाचवं घ्या असं मी सुचवेन. 'मला तहान लागली आहे.' येशूला हे म्हणायला कमीपणा वाटला नाही, आणि कोणीतरी काठीला स्पंज लावून आंब (आंबट द्राक्षारस) तोंडाशी नेली ती त्याने घेतली. त्या भावालाही आमंत्रण पाठवा, येईल न येईल. आणि त्या दिवशी उपास धरणार असाल तर गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टरांना आधी विचारून ठेवा.